कागदावर लागलेले दिवे

डेपोत तिला सगळे ठिणगी म्हणत. वायरी, फ्यूज आणि बॅटऱ्यांत बावीस वर्षं घालवलेल्या बाईला हे नाव कामावरून पडलं असेल असं नव्या माणसाला वाटायचं. जुन्यांना माहीत होतं, ते तिच्या तोंडावरून पडलंय.

तिचं काम सांगायला सोपं होतं. कुठे पूर आला, दरड कोसळली, वादळात विजेचे खांब आडवे झाले, की सौर पॅनल आणि बॅटरीची ट्रॉली घेऊन तिथे पोहोचायचं, दवाखान्याला आणि मदत केंद्राला वीज द्यायची, नेहमीची लाइन सुरू झाली की परत यायचं. असं तिने अकरा वेळा केलं होतं. आधीच्या ट्रॉल्या डेपोतच बांधलेल्या होत्या. दिसायला भंगार, वजनाला हत्ती, पण त्यांना एक मोठा खटका होता. तो वर केला की वीज यायची, खाली केला की जायची. या वर्षी त्या मोडीत निघाल्या आणि नव्या पिवळ्या ट्रॉल्या आल्या. गुळगुळीत, चहूबाजूंनी बंद. खटक्याच्या जागी तळहाताएवढा काचेचा पडदा. प्रशिक्षण दीड तासाचं झालं. त्यातला सव्वा तास कंपनीच्या माणसाने ट्रॉली किती हलकी आहे ते सांगण्यात घालवला.

वरच्या खोऱ्यात तीन दिवस पाऊस कोसळून डोंगराची एक बाजू खाली आली, तेव्हा डेपोत वायरलेसवरून निरोप आला. गावाचा रस्ता दोन ठिकाणी तुटलाय. आरोग्य केंद्रात एक रुग्ण ऑक्सिजनवर आहे. सिलिंडर संपत आलेत. ऑक्सिजन तयार करणारं मशीन आहे, पण वीज नाही. निरोपाखाली तिथल्या नर्सचं नाव होतं. ठिणगीने ते वाचलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

ती नर्स तिची नणंद होती. नवऱ्याची धाकटी बहीण. लग्नानंतर ठिणगी तिला थट्टेने ‘वन्सं’ म्हणायला लागली आणि तेच तोंडात बसलं. दोघींचं चांगलं जमायचं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. वन्संची शहरात बदली होण्याची संधी चालून आली होती, ठिणगीच्या नवऱ्याचं त्यासाठी चार ठिकाणी हातापाया पडून झालं होतं, आणि वन्संनी बदली नाकारली. “आईला तू आहेस, वहिनी. इथल्यांना कोणी नाही,” एवढंच ती फोनवर म्हणाली. ठिणगीने त्यावर जे उत्तर दिलं ते तिला स्वतःलाही नंतर आठवावंसं वाटत नसे. त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून फोन नवऱ्याच्या मोबाइलवर यायचा आणि ठिणगी त्या वेळी सासूबाईंची चादर बदलत असायची.

जीप ड्रायव्हरकाकांनी काढली. मुख्य रस्ता बंद होता म्हणून खडीच्या खाणीकडून जाणाऱ्या कच्च्या वाटेने गेले. सात तास लागले. दोनदा ट्रॉली चिखलात रुतली, एकदा तर निम्मं चाक कड्याबाहेर गेलं. काकांनी तेव्हा आरशात पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

“हलकी आहे म्हणून बरं,” ठिणगी म्हणाली.

“हलकी आहे म्हणूनच बाहेर गेली,” काका म्हणाले.

सकाळी दहाला ते गावात पोहोचले. आरोग्य केंद्र म्हणजे चार खोल्यांची बैठी इमारत. मागची भिंत दगडांनी आत ढकललेली, छपराचा एक कोपरा खाली बसलेला. अंगणात माणसं उभी होती. पिवळी ट्रॉली दिसताच त्यांच्यात हालचाल झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वन्सं दारात आली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि एका हातमोज्याला रक्त लागलेलं होतं.

“किती वेळ लागेल?” तिने विचारलं. बाकी काही नाही.

“अर्धा तास,” ठिणगी म्हणाली.

“दीड सिलिंडर उरलाय. उद्या दुपारपर्यंत जाईल.” आणि ती आत गेली.

आत मास्तरीणबाई होत्या. शाळेची भिंत पडताना त्यांनी मुलांना बाहेर काढलं होतं आणि शेवटी स्वतः सापडल्या होत्या. बरगड्या मोडून फुप्फुसाला लागलं होतं. धुकं असल्यामुळे हेलिकॉप्टर उतरत नव्हतं, आणि तुटलेल्या दरडीवरून त्यांना उचलून नेणं म्हणजे त्यांना मारणंच होतं.

ठिणगी आणि काकांनी ट्रॉलीचे पाय टेकवले, सहा पॅनलं दोन्ही बाजूंना उघडली. ऊन फिकट होतं, पण होतं. केंद्रापर्यंत केबल ओढली. सगळं बावीस मिनिटांत झालं. ठिणगीने हात पुसले आणि पडद्यावर बोट ठेवलं.

पडदा उजळला. बॅटरी शंभर टक्के भरलेली, अशी हिरवी अक्षरं आली. त्याखाली लाल अक्षरं आली: संच वाहतूक स्थितीत आहे. सुरू करण्यासाठी नेटवर्कशी जोडा.

तिने पुन्हा बोट ठेवलं. तेच आलं. तिने मोबाइल काढला. रेंज नव्हती. समोरच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर धडधाकट उभा होता.

“त्याला काय झालं?” तिने जवळच्या माणसाला विचारलं.

“वीज गेल्यावर दोन दिवस त्याच्या बॅटरीवर चालला,” तो म्हणाला. “काल बंद पडला. वीज नाही ना.”

काकांनी पडद्यावरची अक्षरं चष्मा वर करून वाचली, टॉवरकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. “म्हणजे विहिरीतून पाणी काढायचंय, आणि दोर भिजवल्याशिवाय विहीर पाणी देणार नाही,” ते म्हणाले.

ठिणगीला हसू आलं नाही. तिने पेटीच्या चारही बाजू चाचपल्या. कुठे दार नाही, कुठे साधा बोल्ट नाही. प्रत्येक सांध्यावर चकचकीत पट्टी: सील तुटल्यास हमी रद्द. पेटीच्या आत या केंद्राला चार-पाच दिवस पुरेल एवढी वीज होती. शंभर टक्के भरून, कुलूपबंद.

गावात एकच उपग्रह फोन होता. तो मदतकार्याच्या साहेबांकडे होता. साहेब शाळेच्या उरलेल्या खोलीत टेबल मांडून बसले होते. स्वच्छ माणूस; चार दिवसांच्या चिखलात त्यांच्या बुटांवर डाग नव्हता. त्यांनी फोन दिला, पण “चार्ज कमी आहे, लवकर आटपा,” असं दोनदा सांगितलं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी गाणं वाजलं. मग एका बाईच्या आवाजाने भाषा निवडायला सांगितलं. मग नव्या खरेदीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. तिने दोन दाबलं. पुन्हा गाणं. ठिणगी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली. नऊ मिनिटांनी एक मुलगा आला.

“मॅडम, संच सुरू करायला नोंदणीकृत मोबाइलवर सहा आकडी कोड जाईल. तो मला सांगा.”

“नोंदणी कुणाच्या नावाने आहे?”

त्याने नाव सांगितलं. डेपोच्या भांडारप्रमुखांचं. ते काल मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. त्यांचा मोबाइल त्यांच्या घरी कुठल्यातरी कपाटात बंद पडलेला असणार.

“दादा, इथे एक बाई मरायला टेकलीय. तो कोड तुमच्याच मशीनमधून निघतो ना? मग मला तोंडी सांगा.”

“आम्हाला तो दिसत नाही, मॅडम. सुरक्षेसाठी आहे.”

“कुणाच्या सुरक्षेसाठी?”

 मुलगा वाचून दाखवल्यासारखा म्हणाला, “ट्रॉली चोरीला गेली तर कुणी वापरू नये म्हणून.”

“इथपर्यंत आणायला सात तास लागलेत. इथून ती चोरायला कोण येणार, गिधाडं?”

“मी तुमची तक्रार वर पाठवतो, मॅडम. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येईल. आजच्या संभाषणाला तुम्ही एक ते पाचमध्ये किती...”

फोन तिने ठेवला नाही. तो आपोआप बंद पडला.

साहेबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. “तरी सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“साहेब, ही पेटी आज सुरू होत नाही. वायरलेसवरून जनरेटर मागवा. निरोपात होतं, खालच्या तळावर एक डिझेल जनरेटर तयार ठेवलाय म्हणून.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तो दुसऱ्या गावाला गेला.”

“कधी?”

“आता तासाभरापूर्वी. इथे सौर संच पोहोचला म्हणून.”

“पोहोचला. सुरू नाही झाला.”

“अहवालात तसा वेगळा रकाना नाही,” साहेब म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता. “ट्रॉली फाटकातून आत आली तेव्हा मी कळवलं. संच पोहोचला, वीज सुरू. तुम्ही नर्सबाईंना अर्धा तास म्हणाला होतात.”

ठिणगीच्या तोंडात आलेलं तिथेच राहिलं, कारण ती खरंच तसं म्हणाली होती. साहेबांनी वायरलेसवरून पुन्हा निरोप दिला. उत्तर आलं की त्या दुसऱ्या गावात दोन बाळंतिणी आणि तीस जखमी आहेत, जनरेटर तिथे सुरूही झाला, आणि तुमच्याकडे तर कालपेक्षा परिस्थिती सुधारल्याचं दिसतंय. दिसतंय म्हणजे कागदावर.

हे वन्संना सांगायला ती केंद्रात गेली. वन्सं मास्तरीणबाईंच्या उशाशी बसून सिलिंडरचा काटा बघत होती. श्वास घेताना मास्तरीणबाईंच्या गळ्याजवळ खड्डा पडत होता. ठिणगीने सगळं सांगितलं.  संपल्यावर वन्सं उठली, ठिणगीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली आणि दार लोटून घेतलं.

“तू आली नसतीस तर बरं झालं असतं, वहिनी,” ती म्हणाली. “जनरेटर तरी आला असता.”

ठिणगी आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. अंगणातली माणसं हातात बंद मोबाइल घेऊन ट्रॉलीभोवती उभी होती. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, “बाई, अजून ऊन लागेल का हिला?” तिने नाही अशी मान हलवली आणि केंद्राच्या मागच्या बाजूला गेली. भिंतीला पाठ टेकून ती मटकन खाली बसली आणि चिखलाने भरलेल्या दोन्ही हातांनी तोंड झाकून पाच मिनिटं रडली. रागाने आणि चिडचिडीनेच. दुःखाला अजून सवड नव्हती.

डोळे पुसताना तिला समोरच्या पडक्या खोलीत भिंतीवर काहीतरी दिसलं. धुळीने माखलेला एक लोखंडी डबा आणि त्याखाली एक मोठा इन्व्हर्टर. ती उठून आत गेली. केंद्राचा स्वतःचा जुना सौर संच होता तो. पाच वर्षांपूर्वीचा. छपरावरची पॅनलं दरडीच्या दगडांनी फुटली होती. खाली दोन बॅटऱ्या होत्या. तिने झाकण उघडून बघितलं तर आतल्या पट्ट्या कोरड्या ठणठणीत, पांढऱ्या पडलेल्या. त्या तर वर्षभर आधीच मेल्या असणार. पण पॅनलची वीज बॅटरीला सांभाळून देणारा कंट्रोलर शाबूत होता. इन्व्हर्टरच्या जाळीतून मुंग्यांनी माती आणली होती, पण जळका वास नव्हता.

तिने काकांना हाक मारली.

“काका, पेटीतली बॅटरी मिळत नाही. पण पॅनलं तर उघड्यावर आहेत ना? ती ट्रॉलीवरून काढू. हा कंट्रोलर, हा इन्व्हर्टर. फक्त दोन चांगल्या बॅटऱ्या पाहिजेत. मोठ्या. तुमच्या जीपची एक आहे, पण ती लहान.”

“दोन दरडींच्या मधे एक ट्रक अडकलाय,” काका म्हणाले. “नवा कोरा. आपण वरून येताना दिसला होता. ट्रकला दोन असतात.”

ट्रकवाला केंद्रातच होता. पायाला काच लागली होती आणि वन्संनी सकाळीच त्याला सात टाके घातले होते. ठिणगीने विचारताच त्याने हात जोडले.

“बाई, सगळं मागा, बॅटऱ्या मागू नका. गाडी माझी नाही. उद्या रस्ता सुटला आणि गाडी सुरू झाली नाही, तर मालक मला उभा ठेवणार नाही.”

“मी लिहून देते, मी नेल्या म्हणून.”

“तुम्ही लिहून दिल्याने गाडी सुरू होणार आहे का?”

 ती मनातल्या मनात त्याला शिव्या देत निघाली, आणि वाटेत लक्षात आलं की त्याच्या जागी ती असती तर तीही हेच बोलली असती. संध्याकाळपर्यंत ती इन्व्हर्टर उघडून मुंग्यांची माती खरवडत बसली. गंजलेली टोकं कानशीने घासली. पॅनलांची वीज मल्टीमीटरवर मोजली. ती बरोबर होती. सगळं होतं, फक्त बॅटऱ्या नव्हत्या.

वन्सं चहाचा पेला घेऊन आली आणि शेजारी उकिडवी बसली. 

“आई कशी आहे?”

“आठ महिन्यांनी विचारतेस.”

“दादाला विचारते दर आठवड्याला.”

“दादाला काय माहीत? दादा सकाळी आठला जातो.” ठिणगीने कानस खाली ठेवली. “पाठीला जखम झाली होती. आता भरलीय. रात्री दोनदा उठवतात. मला ‘बाई’ म्हणून हाक मारतात, ओळखत नाहीत. तुझं नाव मात्र घेतात. मी भरवायचं आणि नाव तुझं.”

वन्संनी पेल्याच्या कडेवर बोट फिरवलं. “मी तिथे आले असते, तर काल ही मास्तरीणबाई गेली असती.”

“माहितेय,” ठिणगी म्हणाली. “म्हणून तर जास्त राग येतो. तू चुकीची असतीस तर सोपं गेलं असतं.”

 आतून खोकल्याचा आवाज आला तशी वन्सं उठून गेली. चहा गार झाला होता. ठिणगीने तो तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रकवाला लंगडत आला. त्याच्यामागे चार माणसं दोन बॅटऱ्या बांबूला बांधून आणत होती. एक किलोमीटर, निसरड्या दरडीवरून. प्रत्येक बॅटरी चाळीस किलोच्या वर.

“काल रात्री मी त्या खोलीबाहेर झोपलो होतो,” तो म्हणाला. “त्या बाईंचा श्वास ऐकू येतो. नाही झोप लागली. घ्या. पण गाडी बंद पडली तर धक्का मारायला तुम्ही यायचं.”

पॅनलं ट्रॉलीवरून काढायला घेतली तेवढ्यात साहेब आले. पहिली सीलपट्टी तुटल्याचा टर्रकन आवाज त्यांनी ऐकला.

“हे काय चाललंय? ही कार्यालयाची मालमत्ता आहे. परवानगी?”

“परवानगी नेटवर्कवरून येते, साहेब. आणि टॉवर बंद आहे.”

“उद्या चौकशी लागली तर माझ्या सहीचा अहवाल आहे. संच सुरू असल्याचा.”

“मग तो खरा करायला मदत करा. ते पॅनल धरा, पडेल.”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ठिणगीला वाटलं, आता हे धरणार. ते दोन पावलं पुढे आलेही. मग थांबले, “मी हे पाहिलेलं नाही,” असं म्हणाले आणि पाठ फिरवून शाळेकडे चालू लागले. पॅनल ट्रकवाल्याने धरलं.

साडेदहाला जोडणी झाली. ठिणगीने इन्व्हर्टरचं बटण दाबलं. आत खरखर झाली, मग पंखा फिरला, मग हिरवा दिवा. तिने ऑक्सिजनच्या मशीनची पिन लावली. मशीन घुरघुरलं आणि चालू झालं. बाहेर कुणीतरी ओरडलं. वन्संनी लगेच लसींच्या फ्रिजची पिनही लावली, आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला.

“फ्रिज काढ,” ठिणगी म्हणाली.

“त्यात सगळ्या खोऱ्याच्या लसी आहेत. आणि इन्सुलिन आहे. चार दिवस बर्फाच्या पिशव्यांवर रखडवलंय मी.”

“दोन्ही एकदम नाही उचलत हा. जुना आहे.”

“मग आळीपाळीने चालवू.”

“ढग बघ. दुपारनंतर ऊन नाही. बॅटरीत जेवढं जाईल तेवढं हिला संध्याकाळपासून सकाळपर्यंत लागणार. फ्रिजने ते खाल्लं तर पहाटे मशीन बंद पडेल.”

“अगं मग अजून पॅनलं जोड ना! चार तशीच पडलीत अंगणात!”

“कंट्रोलर सोसणार नाही! दोनच्या वर जोडली की जळेल. मग हेही जाईल.”

दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. मधे मास्तरीणबाई डोळे उघडून छताकडे बघत होत्या. वन्संच्या ते लक्षात आलं आणि ती एकदम गप्प झाली. ठिणगीने बाहेर बघितलं. अंगणात चार पॅनलं उन्हात पसरलेली, काहीही न करणारी. त्यांच्या शेजारी पिवळी पेटी, शंभर टक्के भरलेली. तिला वाटलं, घण घेऊन जावं आणि ती फोडावी. फोडून काहीच मिळालं नसतं, आग लागली असती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. म्हणून ती तिथेच उभी राहिली.

फ्रिजची पिन वन्संनी स्वतः काढली. दुपारी चारला आतला तापमापक बघून तिने लसी एका पिशवीत भरल्या. प्रत्येक बाटलीवरचा क्रमांक वहीत लिहिला आणि पुढे ‘निकामी’ असं लिहीत गेली. एकशे चौतीस वेळा. ठिणगीने मदत करू का विचारलं, तर तिने मान हलवून नको म्हटलं. इन्सुलिन ज्यांना लागायचं त्या तिघांना तिने बोलावून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवायला सांगून ते वाटून दिलं.

मशीन चाललं. ऊन असेपर्यंत पॅनलांवर, मग ट्रकच्या बॅटऱ्यांवर. दर अर्ध्या तासाला ठिणगी मीटर लावून बघायची आणि आकडा बघून दरवेळी पुटपुटायची. पहाटेकडे आकडा फार खाली आला तेव्हा वन्संनी उरलेला सिलिंडर जोडला, आणि ऊन वर येताच पुन्हा मशीन. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता धुकं फाटलं. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं आणि मास्तरीणबाईंना घेऊन गेलं. चढवताना त्यांनी वन्संचा हात सोडला नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागली. पुढे त्या वाचल्या. उजवा खांदा मात्र वर होत नाही. फळ्यावर लिहायला मुलांना पुढे बोलावतात.

ट्रकवाल्याची गाडी दहा दिवसांनी रस्ता सुटल्यावर एका झटक्यात सुरू झाली. त्याने ते मुद्दाम कुणाच्या तरी फोनवरून कळवलं.

डेपोत परतल्यावर ठिणगीला पत्र मिळालं. कार्यालयाच्या संचाची सहा सीलं विनापरवाना तोडल्याबद्दल तीन प्रतींत खुलासा द्यावा. तिने जे घडलं ते लिहिलं. चौकशीच्या खोलीत तीन माणसं बसली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, “पण अहवालानुसार संच पोहोचताच वीज सुरू झाली होती. मग तुम्ही तो उघडलाच कशाला?” ठिणगीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो लिहून घेत होता. मग म्हणाला, “म्हणजे संच चालू असताना तुम्ही तो उघडलात.” ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. चौथ्या वेळी काकांनी, जे साक्षीला आले होते, बसल्या जागेवरून म्हटलं, “साहेब, पालथ्या घड्यावर पाणी ओतून तिचा घसा सुकला. तिला पाणी तरी द्या.” काकांनाही एक पत्र मिळालं, उद्धटपणाबद्दल.

निकाल लागेपर्यंत तिला दौऱ्यावरून काढून भांडारात बसवलं. महिन्याभराने एक परिपत्रक निघालं: यापुढे प्रत्येक संच डेपोतून निघण्यापूर्वीच सुरू करून, दिवा लावून, तपासूनच पाठवावा. खाली सही त्या मदतकार्याच्या साहेबांची होती. त्यांच्या क्षेत्रीय अनुभवावरून केलेली सूचना, असंही छापलं होतं. ठिणगीने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा कागद चुरगाळला. मग सरळ करून फळ्यावर टाचला, कारण सूचना बरोबर होती.

त्याच आठवड्यात, ठिणगीच्या सुट्टीच्या दिवशी, वन्सं आली. न कळवता, पाठीला एक पिशवी लावून, आठ दिवसांची रजा घेऊन. आल्या आल्या तिने आईची खोली झाडली, औषधांच्या बाटल्यांची जागा बदलली, उशा बदलल्या, खिडकी उघडली. ठिणगीने इतक्या महिन्यांत बसवलेली सगळी घडी तिने दोन तासांत विस्कटली. ठिणगी दारात उभी राहून बघत होती. ओठ घट्ट दाबून.

“दुपारी आंघोळ घालू नकोस, त्यांना थंडी वाजते,” शेवटी तिला राहवलं नाही.

“घालणार. ऊन आहे तोवर,” वन्सं म्हणाली. “वहिनी, तू जा ना.”

“कुठे जाऊ?”

“झोप जा.”

“आत्ता? दुपारी दोनला?”

 वन्सं गरम पाण्यात हात बुडवून बघत होती आणि सासूबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. ठिणगी चिडूनच आतल्या खोलीत गेली. पाच मिनिटं पडते आणि मग जाऊन सगळं पुन्हा जागच्या जागी लावते, असं म्हणत तिने पाठ टेकली. नवरा सातला घरी आला तेव्हा ती तशीच झोपलेली होती, चप्पलसुद्धा पायात.